ब्रायटनला एक रात्र: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उन्हाळा जवळ आला की इंग्लंडातल्या वाचकांची एकाच धाटणीची पत्रं येऊ लागतात: चार-सहा मित्रमैत्रिणी, एक रात्र, समुद्र. यंदा त्यातली बरीचशी ब्रायटनबद्दलची होती, म्हणून या वेळचं सदर एकाच गावाचं.

प्रश्न: आम्ही लंडनमध्ये नोकरी करणारे पाच मित्र. शनिवारी सकाळी निघून रविवारी संध्याकाळी परतायचा बेत आहे. तिकिटं आधी काढावीत की स्टेशनवर कार्ड टेकवून जाता येतं? आणि रेल्वेने तासाभराच्या गावी रात्र काढण्यात अर्थ आहे का? (वाचक, हॅरो)

उत्तर: कार्ड टेकवून अजिबात निघू नका. या मार्गावर लंडनचं ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड आणि कॉन्टॅक्टलेस (टेकवायचं) बँकेचं कार्ड गॅटविक विमानतळापर्यंतच चालतं. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनचं फाटक तुम्हाला मुकाट आत सोडतं आणि ब्रायटनचं फाटक बाहेर सोडत नाही. तिथे दंड १०० पौंड, वर एकेरी भाडं. २१ दिवसांत भरलात तर ५० पौंड आणि भाडं. पाच जणांना पाच दंड, हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही पाच जण आहात, तर ‘ग्रुपसेव्ह’ घ्या. ३ ते ९ प्रौढ एकत्र प्रवास करत असतील तर ऑफ-पीक, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून असलेल्या, भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. ‘एकत्र’ या शब्दाचा अर्थ इथे कडक आहे: जाताना आणि येताना सगळे एकाच गाडीत हवेत. बेत नेमका इथेच फसतो. कुणाला उशिरा जाग येते आणि तो म्हणतो, ‘तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या गाडीने आलोच.’ त्या क्षणी त्याचं तिकीट बाद ठरतं, आणि मागे तुम्ही दोघेच उरलात तर तुमचंही. ज्याचा भरवसा नाही त्याचं तिकीट सरळ वेगळं काढा. रेलकार्डाची (रेल्वेच्या सवलतीच्या कार्डाची) सूट ग्रुपसेव्हला जोडून मिळत नाही. पण पाचातल्या दोघांकडे रेलकार्ड असेल तर त्यांनी ते वापरावं, उरलेले तिघे ग्रुपसेव्हला पुरतात.

व्हिक्टोरियाहून सदर्न या रेल्वे कंपनीच्या गाडीने साधारण एक तास लागतो. सेंट पँक्रस, ब्लॅकफ्रायर्स आणि लंडन ब्रिजहून थेम्सलिंक या दुसऱ्या कंपनीची गाडी जाते, तिला थोडा जास्त वेळ लागतो. काही स्वस्त तिकिटांवर ‘थेम्सलिंक ओन्ली’ असं छापलेलं असतं. ती घेऊन सदर्नच्या गाडीत बसलात तर तुम्ही विनातिकीटच. रविवारी आणखी एक गोष्ट बघा: रुळांची कामं असली की थ्री ब्रिजेस ते ब्रायटन या टप्प्यात पुष्कळदा गाडीऐवजी बस असते आणि प्रवास तासाभराने लांबतो. खोली पक्की करण्याआधी नॅशनल रेलच्या संकेतस्थळावर दोन्ही तारखा पाहून घ्या.

आता मुक्कामाचं. दिवसाच्या सहलीला येणारी गर्दी अकराच्या सुमाराला उतरते आणि सहा-सातपर्यंत परतीला लागते. तुम्ही मुक्कामाचे पैसे मोजता ते संध्याकाळी सहानंतरच्या आणि सकाळी नऊच्या आतल्या ब्रायटनसाठी. जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या आसपास मावळतो, म्हणजे जेवण आधी उरकूनही किनाऱ्यावर उजेडात तासभर बसता येतं. शनिवारी सकाळी अकराला पिशव्या घेऊन पोहोचणारे मात्र गर्दीचे तास पुरेपूर भोगतात, कारण खोली दुपारी तीनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी दहा-अकराला सोडावी लागते. एखाद्याला सोमवारची रजा घ्यायची नसेल, पण बाकीच्यांना मिळत असेल, तर त्याला मनवा: रविवारी दुपारी जा, सोमवारी दुपारी या. रविवारची खोली शनिवारपेक्षा स्वस्त पडते. शिवाय उन्हाळ्यात शनिवारी बऱ्याच ठिकाणी किमान दोन रात्रींची अट असते, तीही टळते.

तारीख ठरवताना एप्रिलमधली मॅरेथॉन, मे महिन्यातला ब्रायटन फेस्टिव्हल, ऑगस्टच्या सुरुवातीचा प्राइडचा (समलिंगी समुदायाच्या उत्सवाचा) शनिवार-रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार या वेळा सांभाळा. त्या नोव्हेंबरच्या रविवारी लंडनहून जुन्या मोटारी चालवत लोक ब्रायटनला येतात. बघायला मौज असते, खोलीचे दर ऐकायला नाही. गाडी घेऊन जाण्याचा विचार असेल तर सोडा. गावात पार्किंग महाग आणि मोजकं आहे, आणि स्टेशनातून क्वीन्स रोडने सरळ उतरलं की पंधरा मिनिटांत समुद्र येतो. येताना हाच रस्ता चढाचा आहे, हे परतीच्या गाडीची वेळ ठरवताना लक्षात असू द्या.

प्रश्न: आम्ही चार मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. एकीचा गुडघा दुखतो. खोल्यांच्या जाहिरातींत इतके प्रकार असतात की काय घ्यावं कळत नाही. (वाचक, स्लाव)

उत्तर: सगळ्यात जास्त घोळ एका शब्दाचा होतो. ‘डबल’ म्हणजे दोघांना मिळून एकच मोठा पलंग. दोन वेगळे पलंग हवे असतील तर ‘ट्विन’ लिहिलेलं पाहिजे. ‘डबल ऑर ट्विन’ असं असेल तर आरक्षणाच्या टिपणीत ‘ट्विन’ लिहा आणि आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. काही ठिकाणी एकत्र जोडता-सोडता येणारे पलंग असतात, पण ते तुम्ही येण्याआधी सोडावे लागतात. रात्री दहाला ते काम करायला तिथे कुणी नसतं. चौघींना मिळून ‘फॅमिली रूम’ स्वस्त दिसते. तिच्यात बहुधा एक डबल आणि दोन लहान पलंग किंवा दुमजली पलंग असतात. पन्नाशीत वरच्या पलंगावर कोण चढणार, हे आधी ठरवा.

गुडघ्याचा प्रश्न खरा महत्त्वाचा. केम्पटाउन ही वस्ती आणि समुद्राकाठच्या गल्ल्यांतली गेस्टहाउसं ही जुनी, अरुंद, चार-पाच मजली घरं आहेत. त्यांत लिफ्ट नसते, जिने उभे असतात, आणि स्वस्त खोली असते ती माडीवरच्या माडीवर. तळमजला मागितला तर ‘लोअर ग्राउंड’ मिळू शकतो. तो रस्त्याच्या खाली, दहा-बारा पायऱ्या उतरून असतो आणि खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसतात. म्हणून फोनवर नेमके दोन प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? ‘सी व्ह्यू’ आणि ‘साइड सी व्ह्यू’ यांतही फरक आहे. दुसऱ्यात मान वळवून समुद्राची एक पट्टी दिसते. त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत असं आमचं मत. समुद्र दोन मिनिटांवर आहे, आणि समोरच्या बाजूला शनिवारी रात्री दोनपर्यंत आरडाओरडा असतो. मागची खोली घ्या, झोप तरी होईल.

रद्द करता येणारं आरक्षण थोडं महाग असतं, तरी गटासाठी तेच बरं. चौघींत एकीचं शेवटच्या क्षणी रद्द होणं हे गृहीत धरलेलं चांगलं, आणि पैसे आरक्षणाच्याच दिवशी चौघींत वाटून घ्या. खिसा हलका ठेवायचा असेल तर ओल्ड स्टीन चौकात यूथ हॉस्टेल आहे. नावात ‘यूथ’ असलं तरी वयाची अट नाही आणि स्वतंत्र खोल्याही मिळतात.

प्रश्न: आमच्या गटातले तिघे मालवण-देवगडचे, लहानपणापासून समुद्रात पोहणारे. मे अखेरीला जात आहोत. तिथे पोहायला काय हरकत आहे? (वाचक, रेडिंग)

उत्तर: पोहता येणं आणि त्या पाण्यात पोहता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणात पाणी वर्षभर कोमट असतं. ब्रायटनचं पाणी मार्चच्या आगेमागे ७-८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं, मे महिन्यात ११-१२ च्या घरात असतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुठे १७-१८ ला पोहोचतं. हवा २२ अंश आणि लख्ख ऊन असलं की माणूस फसतो; पाणी हवेच्या मागे दीड-दोन महिने रेंगाळत असतं.

इतक्या गार पाण्यात एकदम उडी मारली की त्वचेला बसलेल्या धक्क्याने श्वास आपोआप आत ओढला जातो, मग धाप लागते, हृदयाचे ठोके वाढतात. तोंड पाण्याखाली असताना तो पहिला श्वास आला तर पाणी छातीत जातं. उत्तम पोहणाऱ्यालाही हे चुकत नाही, कारण ही शरीराची प्रतिक्रिया आहे, सवयीचा प्रश्न नाही. हा धक्का साधारण एक ते दीड मिनिट टिकतो. तेवढा वेळ हातपाय मारू नका. उताणे व्हा, डोकं मागे टाका, कान पाण्यात बुडू द्या, आणि श्वास ताब्यात येईपर्यंत तरंगत राहा. त्याहून बरं म्हणजे चालत उतरा: घोटे, गुडघे, कंबर, मग मानेवर आणि तोंडावर पाणी मारून पुढे. पहिल्या दिवशी मे महिन्यात दहा मिनिटं पुष्कळ झाली. बाहेर आल्यावरही अंग काही वेळ आणखी गार होत जातं. त्यामुळे बरं वाटतंय म्हणून ओल्या कपड्यांत गप्पा मारत बसू नका. आधी वरचं अंग पुसून कोरडे कपडे, टोपी, मग गरम चहा.

दुसरा फरक किनाऱ्याचा. ब्रायटनला वाळू नाही, गोटे आहेत. फक्त ओहोटीला खाली थोडी वाळू उघडी पडते. गोट्यांचा उतार उभा असतो, त्यामुळे लाट लांबून फुटत येत नाही, काठावरच आदळते. आत जाणं सोपं, बाहेर येणं अवघड: पायाखालचे गोटे सरकतात आणि मागची लाट गुडघ्यात मारते. बाहेर येताना लाटेच्या पाठीवर या, आणि पाय टेकताच न थांबता वर चढा. पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेत. स्लिपर पहिल्याच लाटेला जातात. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक ६ मीटरच्या आसपास असतो, मुंबईपेक्षाही जास्त. तेव्हा कपड्यांची पिशवी वरच्या कड्यावर ठेवा.

जीवरक्षक साधारण मे अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात पोहायचं. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. नारिंगी पिशवी वाऱ्याने फुगलेली दिसली तर वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे आहे. हवेचे तराफे आणि ट्यूब तेव्हा फुगवूही नका. दगडी धक्क्यांपासून आणि पिअरच्या (समुद्रात आत गेलेल्या, खांबांवरच्या लांब धक्क्याच्या) खांबांपासून लांब राहा. मोठा पाऊस झाला असेल तर एक-दोन दिवस पाणी टाळा, कारण तुडुंब भरलेल्या गटारांचं पाणी समुद्रात सोडलं जातं. कुणी अडचणीत दिसलं तर ९९९ लावून ‘कोस्टगार्ड’ मागा, आणि मागोमाग स्वतः उडी टाकू नका. प्यायल्यावर आणि रात्री पोहणं नाही म्हणजे नाही. मित्रांच्या गटात ही कल्पना नेमकी रात्री साडेअकराला कुणाला तरी सुचते.

पोहण्याची हौस मनासारखी भागवायची असेल तर मदेरा ड्राइव्हवर २०२३ मध्ये सुरू झालेला ‘सी लेन्स’ हा ५० मीटरचा उघडा तलाव आहे. पाणी तापवलेलं असतं, वेळ आधी राखून ठेवावी लागते.

प्रश्न: सहा जणांत तीन शाकाहारी, त्यातल्या दोघी अंडंही खात नाहीत. समुद्रकिनारी नुसते चिप्स खाऊन राहायचं का? (वाचक, मिल्टन कीन्स)

उत्तर: ब्रायटन हे त्या बाबतीत इंग्लंडातलं सोयीचं गाव. ‘फूड फॉर फ्रेंड्स’ १९८१ पासून आणि ‘टेर आ टेर’ १९९३ पासून निव्वळ शाकाहारी जेवण देत आहेत. दोन्ही लेन्समध्ये किंवा तिच्या जवळच. सहा जणांचं टेबल शनिवारी ऐनवेळी मिळणार नाही, आठवडाभर आधी सांगा. ‘लेन्स’ आणि ‘नॉर्थ लेन’ या दोन वेगळ्या वस्त्या आहेत. पहिलीत समुद्राजवळच्या अरुंद बोळांत दागिन्यांची दुकानं, दुसरी स्टेशनच्या बाजूला, जुने कपडे, पुस्तकं आणि स्वस्त खाणं. भेटायची जागा ठरवताना नाव नीट सांगा, नाहीतर तिघे इकडे आणि तिघे तिकडे.

चिप्ससुद्धा गृहीत धरू नका. काही दुकानांत ते गोमांसाच्या चरबीत तळतात. ही रीत उत्तरेकडे, यॉर्कशायरच्या बाजूला जास्त, पण विचारावं सगळीकडे. तेल वनस्पतीचं असलं तरी बऱ्याचदा मासे त्याच कढईत तळलेले असतात. ‘सेपरेट फ्रायर’ आहे का, हा प्रश्न विचारा. अंडं न खाणाऱ्या दोघींसाठी ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द पुरत नाही, त्यात अंडं येतं. ‘व्हीगन’ लिहिलेला केक मागा. दूध चालत असलं तरी अंड्याशिवायचा पदार्थ मिळायचा हा खात्रीचा मार्ग. मऊ गोळ्या आणि मार्शमेलो यांत बहुधा प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. ‘ब्रायटन रॉक’ ही गुलाबी कांडी मात्र साखर आणि ग्लुकोजची असते, आरपार गावाचं नाव लिहिलेली. दातांची हमी आम्ही घेत नाही.

गेस्टहाउसच्या नाश्त्यात सॉसेज, बेकन असतंच. शाकाहारी ताट हवं असल्यास आदल्या दिवशी सांगा, नाहीतर टोस्ट आणि बीन्सवर समाधान मानावं लागतं. खोलीत किटली असते. झटपट उपमा-पोह्यांची पाकिटं त्यावर निघतात. किटलीत दूध तापवू नका, करपून तळाला धरतं. आणि उदबत्ती लावू नका, धुराच्या घंटेने अख्खं घर खाली उतरेल.

किनाऱ्यावर खाताना पाठ भिंतीला लावून बसा. सीगल मागून, खांद्यावरून येतो आणि हातातला घास नेतो. त्याला खायला घालू नका, आणि मारायलाही जाऊ नका. कायद्याने त्याला संरक्षण आहे.

प्रश्न: ब्रायटनला भारतीय सैनिकांचं स्मारक आहे असं ऐकलं. एका मुक्कामात बसतं का? (वाचक, लेस्टर)

उत्तर: बसतं, पण त्यासाठी दुसऱ्या दिवसाची सकाळ द्यावी लागेल. सुरुवात गावातच करा. रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडा १८१५ ते १८२३ या काळात वास्तुरचनाकार जॉन नॅश याने पुढे चौथा जॉर्ज झालेल्या राजपुत्रासाठी आजच्या रूपात बांधला. बाहेरून घुमट-मिनारांचा हिंदुस्थानी थाट, आतून चिनी. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१६, तिथे फ्रान्सच्या आघाडीवरून आणलेल्या जखमी भारतीय सैनिकांचं रुग्णालय होतं. जातिधर्म सांभाळायला नऊ स्वयंपाकघरं, आणि हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे. आत त्या रुग्णालयाचं दालन आहे. तिकीट लागतं, बाग फुकट. दक्षिणेचं दार ‘इंडिया गेट’ म्हणून ओळखलं जातं. भारताने दिलेल्या त्या दाराचं अनावरण पतियाळाच्या महाराजांनी २६ ऑक्टोबर १९२१ रोजी केलं.

ज्या हिंदू आणि शीख सैनिकांनी इथे प्राण सोडले, त्यांतल्या ५३ जणांचं दहन गावाबाहेर, पॅचमच्या वरच्या टेकड्यांवर झालं. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे, इंग्रजांनीही तिचं नाव ‘छत्री’च ठेवलं. आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुरचनाकाराचा, अनावरण १ फेब्रुवारी १९२१. मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगला झालं, म्हणून त्यांची नावं इथे शोधू नका. दर जूनमध्ये छत्रीपाशी स्मरणाचा कार्यक्रम होतो.

तिथवर वाहन जात नाही. गावातून बसने पॅचमला उतरा, ए२७ हा मोठा रस्ता ओलांडून ब्रेपूल लेनपासून वर जाणारी पायवाट धरा. चढाला पाऊण तास, तिथे थांबणं धरून दोन तास ठेवा. वाटेत पाणी नाही, शौचालय नाही, आडोसा नाही. पावसानंतर खडूच्या मातीचा चिखल बुटांना चिकटतो आणि निसरडा होतो. कुरणांत मेंढ्या असतात, फाटकं आपल्यामागे लावून घ्यायची.

वेळ उरला तर परतताना सेंट निकोलस चर्चच्या आवारात डोकवा. १८५१ मध्ये वारलेले पाटण्याचे शेख दीन मुहम्मद तिथे पुरलेले आहेत. त्यांनी ब्रायटनला वाफेचे स्नानगृह काढलं आणि दोन राजांची चंपी केली. इंग्रजीतला ‘शॅम्पू’ या आपल्या चंपीतूनच गेला.

प्रश्न: पाऊस लागला तर? (वाचक, हंस्लो)

उत्तर: छत्री, म्हणजे हातातली, घरी ठेवा, समुद्रावरचा वारा ती उलटी करतो. टोपीचं वारारोधक जाकीट घ्या. मत्स्यालय १८७२ चं आहे. जवळूनच व्होल्कची विजेवरची छोटी रेल्वे निघते, १८८३ पासूनची, जगातली सगळ्यात जुनी चालू विद्युत रेल्वे. ती फक्त हंगामात धावते आणि वादळी हवेत बंद असते. रविवारी मोठी दुकानं कायद्याने सहाच तास उघडी राहतात, तेव्हा खरेदीचा आसरा चारच्या पुढे धरू नका.

प्रश्न: आम्हाला वाळूच हवी. जवळचं दुसरं गाव सुचवा. (वाचक, क्रॉयडन)

उत्तर: बोर्नमथ. वॉटर्लूहून दोनेक तास, मैलोगणती वाळू. केंटमधलं मार्गेट सेंट पँक्रसहून दीड तासाच्या आसपास. तिथे ओहोटीला पाणी खूप मागे जातं, पोहणाऱ्यांनी वेळापत्रक बघून जावं. कॅम्बर सँड्स फार सुंदर आहे, पण सपाट वाळूतल्या उंचवट्यांमागचे चर भरतीत आधी भरतात आणि पुढे उभा असलेला माणूस मागून वेढला जातो. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथे पाच तरुण मित्र एकाच दिवशी बुडाले. तिथे गेलात तर भरती लागायच्या आत मागे फिरा.

प्रश्न: हिवाळ्यात जाणं वेडेपणा ठरेल का? (वाचक, ऑक्सफर्ड)

उत्तर: उलट आमची पसंती तीच. खोल्या स्वस्त, शाकाहारी टेबलं मोकळी. नोव्हेंबर ते मार्च या काळात मावळतीला साळुंक्यांच्या जातीचे हजारो पक्षी, स्टार्लिंग, पॅलेस पिअरभोवती थव्याने घिरट्या घालतात आणि अंधार पडताच पिअरखाली लोखंडी सांगाड्यावर झोपायला उतरतात. १८९९ चा हा पिअर आणि पश्चिमेला १८६६ च्या वेस्ट पिअरचा उरलेला, २००३ मध्ये जळालेला सांगाडा, दोन्ही एका नजरेत येतील अशी जागा मधल्या किनाऱ्यावर पकडा. डिसेंबरमध्ये सूर्य चारच्या सुमाराला मावळतो, म्हणून साडेतीनला जागेवर असा. खोली तीनला मिळते, पण आधी पक्षी बघा, पिशव्या तेवढ्या ठेवून या.